गाडीचं पाणी

कूलंट हा शब्द आमच्या भागात फार उशिरा आला. त्याआधी सगळे 'गाडीचं पाणी'च म्हणत, आणि ते खरोखरच पाणी असे. विहिरीचं, आडाचं, नाहीतर ओढ्याचं.

आमची वस्ती खंबाटकी घाटाच्या पायथ्याला. ट्रक घाट चढायच्या आधी थांबायचे, क्लीनर पत्र्याचा डबा घेऊन खाली उतरायचा. "मावशी, गाडी तापलीया, पाणी द्या जरा." आई आधी तांब्या पुढं करायची. "आधी तू पी, मग तिला पाज."

इंजिनात जळणाची जेवढी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्सा या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी इंजिनातून फिरून रेडिएटरमध्ये येतं आणि जाळीतून जाणारा वारा त्याला गार करतो. घाटात सगळं उलटं. पहिल्या गिअरवर गाडी रडतखडत चालते, समोरचा वारा नाही, इंजिनावर जोर मात्र पुरा. मधाच्या पोळ्यासारखी जाळी करण्याची कल्पना जर्मनीतल्या विल्हेल्म मायबाखची, १९०१ च्या मर्सिडीजसाठी. आमच्याकडं यायची ती जाळी निम्मी मातीनं आणि किड्यांनी बुजलेली असायची.

जाणता ड्रायव्हर तापलेलं झाकण कधी लगेच उघडत नसे. आतली वाफ थेट तोंडावर येते. तो बिडी ओढून संपवायचा, मग झाकणावर ओलं पोतं टाकून बेतानं फिरवायचा. थंड पाणी एकदम ओतलं तर हेड चिरतं, म्हणून इंजिन हळू चालू ठेवून बारीक धार सोडायचा. गळती लागली असेल तर मूठभर हळद मागायचा. हळद भोकात जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत पोचते. पुढं तीच हळद आतल्या नळ्याही बुजवते, पण ते मालकानं बघायचं. आई हळद देताना कुरकुरायची, पाणी देताना कधीच नाही.

१९७२ ला पाण्याचीही कुरकुर सुरू झाली. आड तळाला गेला. बायका रात्री उठून वाटीवाटीनं पाणी भरत. अशात दुपारी क्लीनर दारात उभा. नाही म्हणावं तर चढणीवर माणसं अडकतात, द्यावं तर संध्याकाळी घरात काय? आईनं धुण्याचं पाणी पुढं केलं. तो म्हणाला, "मावशी, साबणाचं नगं. फेस हुतो." मग भांडी विसळलेलं पाणी तिनं दोनदा गाळून दिलं. ड्रायव्हरनं ते पुन्हा आपल्या पटक्यातून गाळून ओतलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातून गाडीला गेलं ते असलंच पाणी, पण गेलं.

त्या पाण्यानं गाड्यांचं भलं झालं असं म्हणवत नाही. आमच्या आडाचं पाणी जड, त्यात डाळ शिजायची नाही. चुलीवरच्या हंड्याला आतून जो पांढरा थर बसायचा, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसत असणार.

१९८३ ला मारुती ८०० आली, आणि पुढं हळूहळू रस्त्यावर प्लास्टिकची बाटली लावलेल्या गाड्या वाढल्या. बाटलीवर दोन रेघा. गाडी सपाटीला, इंजिन गार असताना पातळी त्या दोन रेघांमध्ये हवी. कमी असेल तर कंपनीनं सांगितलेलं कूलंट घालायचं, आणि पाणी मिसळायचं तर डिस्टिल्ड. रंगावर जाऊ नये, हिरवं दिसतं म्हणून दोन्ही एकच असतं असं नाही. वरचेवर कमी होत असेल तर कुठंतरी गळतंय. त्यात बहुधा ग्लायकॉल असतं. ते थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून वापरात आलं. आपल्याकडं त्याचा उपयोग दुसरा: घट्ट झाकणाच्या दाबाखाली ते शंभराच्या बऱ्याच वर जाईपर्यंत उकळत नाही, आणि कूलंटमध्ये मिसळलेली इतर रसायनं गंज धरू देत नाहीत.

आता घाटाखाली डबा घेऊन कुणी उतरत नाही.

मागल्या वर्षी पुतण्यानं ट्रॅक्टरचं जुनं कूलंट घमेल्यात काढलं. वहिनींनी सवयीनं घमेलं उचललं, "कढीपत्त्याला घालते." पुतण्या धावला. ते चवीला गोड आणि जनावराला विष. कुत्रं, वासरू कुणीही तोंड लावेल. त्यानं ते झाकणाच्या कॅनमध्ये भरलं आणि गॅरेजवाल्याकडं नेलं. वहिनींनी घमेलं तीनदा घासलं, तरी त्यात पुन्हा पेंड भिजवली नाही.