समुद्र तापतो तिकडे, पेरणी बिघडते यवतमाळात

यवतमाळपासून अरबी समुद्र लांब आणि बंगालचा उपसागरही लांब. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांनी समुद्र फक्त मुंबईला नाहीतर हाजी अलीला गेल्यावर पाहिलेला. तरीही वावरात सरकी कधी लावायची आणि तूर हाती येईल का, याचा बराचसा निकाल त्या समुद्राच्या पाण्यावरच लागतो. उन्हाळ्यात बातम्यांमध्ये 'एल निनो', 'समुद्राचे तापमान', 'डायपोल' असे शब्द येऊ लागतात आणि बहुतेक जण चॅनल बदलतात. म्हणून हा विषय एकदा सविस्तर मांडतो आहोत.

आधी 2023 चा खरीप आठवून पाहा. त्या वर्षी 6 जूनच्या सुमारास अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचं चक्रीवादळ तयार झालं. तापलेल्या पाण्यावर ते बरेच दिवस टिकलं आणि 15 जूनला गुजरातमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आलं. वादळ भोवतालची हवा आणि ओलावा स्वतःकडे ओढून घेतं. त्यामुळे मान्सूनची पुढची चाल मंदावली. केरळात मान्सून आठवडाभर उशिरा, 8 जूनला आला आणि विदर्भात पोहोचेपर्यंत जूनचे तीन आठवडे उलटून गेले. मृग कोरडा गेला. ज्यांनी घाई करून पेरलं, ते आभाळाकडे बघत बसले.

पुढचा महिना उलटाच निघाला. 22 जुलैला यवतमाळ शहरात आणि जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला, वस्त्यांत पाणी शिरलं. महागाव तालुक्यात आनंदनगरला लोक पुरात अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. त्यानंतर ऑगस्ट आला तो पूर्ण कोरडा. देशभराचा हिशेब धरला तर 1901 पासूनचा तो सर्वात कोरडा ऑगस्ट होता, पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. जून उशिराचा, जुलै पुराचा, ऑगस्ट कोरडा. एका हंगामात ही तिन्ही रूपं दिसली आणि तिन्हींच्या मागे कमीजास्त प्रमाणात समुद्राचं तापमान होतं.

देग आणि तवा

वर्गात मुलांना आम्ही हे वलीम्याच्या देगेवरून सांगतो. तवा चुलीवरून उतरवला की थोड्याच वेळात गार होतो, पण देग तासभर तरी गरम राहते. जमीन तव्यासारखी आहे, समुद्र देगेसारखा. तो हळू तापतो, हळू निवतो आणि साठवलेली उष्णता महिनोन्महिने वाऱ्याला देत राहतो. म्हणूनच एप्रिलमधलं समुद्राचं तापमान पाहून ऑगस्टबद्दल काही अंदाज बांधता येतो.

पाणी साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की चक्रीवादळाला लागणारी उष्णता मिळू शकते. तेवढ्याने वादळ होतंच असं नाही, वरच्या हवेतले वारेही जुळावे लागतात. अमेरिकेजवळच्या अटलांटिक महासागरात 1 जून ते 30 नोव्हेंबर असा वादळांचा हंगाम धरतात आणि त्या वादळांना हरिकेन म्हणतात. एल निनोच्या वर्षी तिथे वादळं सहसा कमी होतात. पण 2023 मध्ये अटलांटिकचं पाणीच इतकं तापलेलं होतं की एल निनो असूनही नाव दिलेली 20 वादळं झाली.

आपल्याकडे अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जायचा. आता तसं राहिलं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला झोडपत गुजरातला गेलं. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर 1950 नंतरच्या सत्तर वर्षांत सुमारे एका अंशाने तापला आहे. आकडा छोटा वाटतो, पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि ती वाफ कुठेतरी एकदम खाली येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यांची वाफ मुख्यतः अरबी समुद्रातून येते. एकूण पाऊस मात्र तेवढा वाढला नाही. म्हणजे जास्तीचं पाणी थोड्या दिवसांत पडतं आणि मधले दिवस कोरडे जातात.

एल निनो म्हणजे दुष्काळच का?

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे. प्रशांत महासागरात एरवी वारे गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. एल निनोत हे वारे मंदावतात, गरम पाणी दक्षिण अमेरिकेकडे सरकतं आणि आपल्या बाजूला हवा खाली दबते. ढग तयार व्हायला अडचण येते. 2002, 2009, 2015 ही वर्षं अशीच गेली. 2009 मध्ये देशात सरासरीच्या फक्त 78 टक्के पाऊस झाला. पण 1997 मध्ये एल निनो फार जोरदार असूनही पाऊस 102 टक्के पडला. त्या वर्षी आपल्याच हिंदी महासागराने साथ दिली. आफ्रिकेकडचं पाणी गरम आणि सुमात्राकडचं थंड असलं की मान्सूनला बळ मिळतं. यालाच डायपोल म्हणतात.

मात्र डायपोल म्हणजे नुसता फायदा असंही समजू नका. 2019 मध्ये तो खूप बळकट होता, देशात 110 टक्के पाऊस झाला. पण अरबी समुद्रही तापलेला राहिला, ऑक्टोबरच्या शेवटी वादळं उठली आणि परतीच्या पावसाने कापणीला आलेलं सोयाबीन, फुटलेला कापूस भिजवला. चांगल्या पावसाचं वर्ष अनेक घरांत तोट्याचं ठरलं.

जाता जाता एक गोष्ट. 'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला, आपल्या उर्दूतला 'मौसम' तोच. अरब खलाशी या वाऱ्यांच्या तारखा धरूनच जहाजं हाकत. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद यांनी त्यावर पुस्तकं लिहिली. बदलत्या मौसमाचा हिशेब ठेवणं आपल्याला नवं नाही.

वावरासाठी यातलं काय घ्यायचं?

हवामान खातं एप्रिलच्या मध्यावर पहिला अंदाज देतं आणि मेच्या शेवटी सुधारित. 96 ते 104 टक्के म्हणजे सरासरी पाऊस. पण हा आकडा पूर्ण देशाचा, चार महिन्यांचा असतो. उमरखेडला कधी पडेल आणि वणीला कधी, हे त्यात नसतं. 2023 मध्येही देशाचा आकडा शेवटी 94 टक्के आला. नुसतं ते वाचणाऱ्याला वाटेल की फार काही बिघडलं नाही.

म्हणून मे महिन्यात एल निनोबरोबर हिंदी महासागराबद्दल काय म्हटलंय तेही वाचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात वादळ असेल, तर त्याच्या सरींना मान्सून समजू नका. कृषी विभाग सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नये. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा उसनवारीचा असतो. कोरडवाहू वावरात पऱ्हाटीसोबत तुरीच्या ओळी घेण्याची जुनी पद्धत सोडू नये. तुरीची मुळं खोल जातात, ऑगस्टची उघडीप ती जास्त सोसते.

ऑगस्टात पाऊस दडी मारतो तेव्हा ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का अदा होते, गावात धोंडी निघते. त्याच दिवसांत हवामान खात्याच्या बातमीत बंगालच्या उपसागराकडे लक्ष ठेवा. तिथे कमी दाबाचा पट्टा झाला आणि ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेला निघाला, तर दोन-चार दिवसांत तो विदर्भात पाऊस आणू शकतो. डवरणी, खत, फवारणीचा बेत त्यावर ठरवता येतो. आणि उलट झालं, वावरात पाणी साचून नुकसान झालं, तर पीक विमा असलेल्यांनी त्या वर्षीचे नियम पाहून लगेच कळवावं. फोटो काढून ठेवा, आणि तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलमध्येही जपून ठेवा.