एका डॉलरचा निवाडा : युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगच्या अंताची कारणमीमांसा

पराभूत संस्थांचा इतिहास लिहिताना निमित्त आणि कारण यांची गल्लत फार सहज होते. संस्थेचा शेवट जेथे झाला तेथेच तिच्या नाशाचे मूळ असले पाहिजे, अशी समजूत होऊन बसते; आणि शेवट नाट्यमय असला म्हणजे ती समजूत अधिकच दृढ होते. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग या व्यावसायिक संस्थेच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. १९८३ ते १९८५ असे तीनच हंगाम ती खेळली. २९ जुलै १९८६ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात, आपल्या बलाढ्य प्रतिस्पर्धी संस्थेविरुद्धचा खटला ती जिंकली आणि नुकसानभरपाई म्हणून तिला एक डॉलर मिळाला. या प्रसंगाची कथा इतकी चटकदार आहे, की लीग न्यायालयात बुडाली असेच पुष्कळजण समजतात. दुसरा पक्ष तिच्या नाशाचे खापर डोनाल्ड ट्रम्प या एका संघमालकाच्या माथी फोडतो. हा गृहस्थ पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे त्या मताला आज अवास्तव वजन आले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही उत्तरे निमित्तापाशी थांबतात.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हे आरंभीच सांगितलेले बरे. आपल्याकडे त्या नावाने परिचित असलेल्या खेळाशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. लांबट चेंडू मुख्यतः हातांनी वाहून न्यावयाचा वा फेकावयाचा हा दांडगा खेळ शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्यात संपतो. १९२० साली स्थापन झालेल्या नॅशनल फुटबॉल लीगचे त्यावर दीर्घकाळ प्रभुत्व आहे. वसंत आणि ग्रीष्म हे अमेरिकेत बेसबॉलचे दिवस. ही वाटणी कोणी कायद्याने केलेली नाही; परंतु रूढीचे बळ कायद्याहून थोडे नसते.

या रूढीत एक फट आहे हे प्रथम हेरले न्यू ऑर्लिन्स येथील डेव्हिड डिक्सन या कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने. त्या शहरास जुन्या लीगचा संघ मिळवून देण्यात आणि तेथील विशाल आच्छादित क्रीडागार उभे करण्यात त्याचा मोठा वाटा होता. वसंतातील फुटबॉलची कल्पना त्याने १९६० नंतरच्या दशकापासून मनाशी बाळगली होती. १९८० मध्ये त्याने एका संशोधनसंस्थेकडून लोकमताची पाहणी करविली, तिचा कौल अनुकूल आला, आणि ११ मे १९८२ रोजी न्यूयॉर्क येथे बारा संघांच्या नव्या लीगची घोषणा झाली. डिक्सनच्या योजनेचा गाभा दोन गोष्टींत होता. जुनी लीग खेळत नसेल तेव्हा खेळावयाचे, ही पहिली. आणि खेळाडूंच्या वेतनावरील खर्च प्रत्येक संघाने सुमारे १८ लाख डॉलरांच्या मर्यादेत ठेवावयाचा, ही दुसरी. पहिली गोष्ट लोकांना दिसत होती. दुसरी दिसत नव्हती, आणि योजनेचा सारा भार तिच्यावरच होता.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट खुणावल्याशिवाय राहत नाही. मराठीत खेळणाऱ्या चमूलाही आपण 'संघ' म्हणतो आणि संस्थांच्या एकीकरणालाही 'संघ'च म्हणतो. लीग म्हणजे त्या अर्थी संघांचा संघ. ही द्विरुक्ती गैरसोयीची असली तरी वस्तुस्थितीला धरून आहे. दोन कापडगिरण्यांपैकी एक बुडाली तर दुसरीचे गिऱ्हाईक वाढते. दोन फुटबॉल संघांपैकी एक बुडाला तर दुसऱ्याला खेळावयास प्रतिपक्षच उरत नाही. मैदानावरचे वैरी हिशेबाच्या वहीत भागीदार असतात, आणि त्यांपैकी एकाने पैशाच्या जोरावर विजय विकत घेतला तर तो भागीदारीच्या भांडवलातून घेतलेला असतो. जुन्या लीगला हे फार अगोदर उमगले होते. दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांनी एकत्र विकून समान वाटून घेण्याची मुभा तिने १९६१ च्या कायद्याने मिळविली, त्यामागे हेच शहाणपण होते.

नव्या लीगने ते कागदावर मान्य केले आणि पहिला सामना होण्यापूर्वीच मोडले. जॉर्जिया विद्यापीठाचा हर्शेल वॉकर हा १९८२ चा सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडू. त्याच्या शिक्षणाचे एक वर्ष बाकी होते आणि अशा विद्यार्थ्यांना घ्यावयाचे नाही असा नियम दोन्ही लीगमध्ये होता. तरीही फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यू जर्सी जनरल्स या संघाने त्याच्याशी भरघोस रकमेचा करार केला आणि लीगच्या चालकांनी त्याकडे डोळेझाक केली. त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता: एवढा नामवंत खेळाडू आला म्हणजे वृत्तपत्रे दखल घेतील, प्रेक्षक येतील. तसे झालेही. परंतु ज्या दिवशी एका मालकाने मर्यादा ओलांडली, त्या दिवशी उरलेल्या अकरांना ती पाळण्याचे कारण उरले नाही. ट्रम्प यांनी हा संघ विकत घेतला तो सप्टेंबर १९८३ मध्ये, म्हणजे पहिला हंगाम संपल्यावर. कालक्रमाची एवढी एक साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तरी सर्व दोष त्यांच्यावर ढकलणारी उपपत्ती लंगडी पडते.

पहिला हंगाम वस्तुतः वाईट गेला नव्हता. ए.बी.सी. या वाहिनीने दोन वर्षांचे १ कोटी ८० लाख डॉलर दिले होते, नवख्या ई.एस.पी.एन. वाहिनीने १ कोटी १० लाख. सामन्यांना सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. अंतिम सामना मिशिगन पँथर्सने फिलाडेल्फिया स्टार्सविरुद्ध २४–२२ असा जिंकला. तोटा मात्र सर्व संघांचा मिळून सुमारे ४ कोटी डॉलर झाला. काटकसर हा त्यावरचा सरळ उपाय होता. लीगने दुसराच उपाय योजिला: सहा नवे संघ घेतले आणि त्यांच्या प्रवेशशुल्काने जुन्यांची तूट बुजविली. बारांचे अठरा झाले. घरातील भांडी विकून घरखर्च चालविण्यासारखेच हे होते.

याच सुमारास घडलेला एक प्रकार अधिक तपशिलाने सांगण्यासारखा आहे. शिकागो ब्लिट्झ हा लीगमधील उत्तम संघांपैकी एक. अ‍ॅरिझोना रँग्लर्स हा दुबळ्यांपैकी एक. शिकागोचा मालक टेड डीथ्रिक हा व्यवसायाने हृदयशल्यविशारद असून त्याचे वास्तव्य अ‍ॅरिझोनात होते. त्याने आपला संघ दुसऱ्यास विकला, अ‍ॅरिझोनाचा विकत घेतला, आणि दोन्ही संघांतील जवळजवळ सर्व खेळाडूंची अदलाबदल घडवून आणली. नावे जागच्या जागी राहिली, माणसे हलली. शिकागोच्या प्रेक्षकाने ज्यांच्यासाठी वर्षभर घसा कोरडा केला ते एका रात्रीत परके झाले, आणि काल ज्यांची तो हेटाळणी करीत होता त्यांना आपले म्हणण्याची पाळी त्याच्यावर आली. संज्ञा आणि संज्ञी यांचा संबंध यादृच्छिक असतो असे आम्ही वर्गात शिकवितो. परंतु संघाच्या नावाला प्रेक्षकाच्या मनात जो अर्थ चिकटतो तो संचयाने चिकटतो, आणि तो असा खरवडून काढता येत नाही. देशातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक लीगने या व्यवहारात गमावले. पुढच्या वर्षी शिकागोत लोक सामन्यांना फिरकेनात, आणि १९८५ मध्ये तेथे संघच नव्हता.

लॉस एंजेलिसची कथा याहून दारुण आहे. तेथील संघाचा मालक विल्यम ओल्डनबर्ग याने १९८४ च्या मार्चमध्ये स्टीव्ह यंग या तरुण खेळाडूशी सुमारे ४ कोटी डॉलरांचा करार केला. त्यातील बहुतांश रक्कम कित्येक दशके हप्त्यांनी द्यावयाची होती. त्याच वर्षी ओल्डनबर्गचे आर्थिक साम्राज्य कोसळले आणि संघ चालविण्याचा बोजा लीगवर, म्हणजे इतर मालकांवर, येऊन पडला. नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसाठी बांधलेल्या तेथील क्रीडागारात मूठभर लोक बसत. १९८५ मध्ये घरचा अखेरचा सामना एका उपनगरी महाविद्यालयाच्या मैदानावर खेळविण्यात आला. हंगाम संपत आला तेव्हा चेंडू घेऊन धावणारे खेळाडूच शिल्लक नसल्यामुळे, लीगमधील सर्वांत महाग अशा या चेंडूफेक्याला स्वतःच त्या जागी उभे राहावे लागले.

अशा अवस्थेत २२ ऑगस्ट १९८४ रोजी मालकांनी ठरविले, की १९८५ चा हंगाम वसंतात खेळून १९८६ पासून शरदात, म्हणजे जुन्या लीगच्या समोरासमोर, खेळावयाचे. मॅकिन्सी या सल्लागार संस्थेने वसंत सोडू नये असा अभिप्राय दिला होता. टँपा बे येथील संघाचा मालक जॉन बॅसेट याने कडवा विरोध केला. हा मनुष्य १९७४ च्या वर्ल्ड फुटबॉल लीगमध्ये हात पोळून घेतलेला होता. ती लीग दुसऱ्याच हंगामाच्या मध्यावर बंद पडली होती. त्याच्या आताच्या संघाला मात्र चाळीस हजारांच्या घरात प्रेक्षक मिळत होते. पण ट्रम्प व त्यांच्या अनुयायांपुढे दुसरे उदाहरण होते: १९६० साली खेळू लागलेल्या अमेरिकन फुटबॉल लीगचे. सहाच वर्षांत जुन्या लीगला तिच्याशी विलीनीकरणाचा करार करावा लागला होता आणि तिच्या सर्व संघांना सामावून घ्यावे लागले होते.

हे साम्य वरवरचे होते. १९६० मध्ये ए.बी.सी. वाहिनीला व्यावसायिक फुटबॉल हवा होता आणि कित्येक मोठी शहरे मोकळी होती. १९८४ मध्ये तिन्ही प्रमुख वाहिन्या जुन्या लीगशी करारबद्ध होत्या आणि तिचे अठ्ठावीस संघ देशभर पसरलेले होते. विलीनीकरण झालेच असते तर ते १९५० सारखे झाले असते. त्या साली प्रतिस्पर्धी लीगमधून फक्त तीन संघ उचलण्यात आले आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडण्यात आले. म्हणजे शरदाचा ठराव झाल्याक्षणी हे भागीदार मोजक्या आसनांसाठी एकमेकांचे स्पर्धक झाले. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या कित्येकांचा संघ त्या आसनांवर बसण्याजोगा नव्हताच, आणि हे त्यांना कळले नसेल असे मानणे कठीण आहे. मात्र तोटा पुरता अंगावर आलेल्या माणसाला सावकाश जिंकण्याचा मार्ग परवडत नाही.

परिणाम तत्काळ दिसले. जुन्या लीगच्या संघांशी एकाच शहरात, एकाच ऋतूत झुंजणे अशक्य म्हणून पहिला विजेता मिशिगन संघ ओकलंडच्या संघात विलीन झाला. दुसऱ्या वर्षीचा विजेता फिलाडेल्फिया संघ बाल्टिमोरचे नाव घेऊन निघून गेला. पिट्सबर्गचा संघ एका हंगामात आटोपला. १९८५ मध्ये चौदाच संघ उरले. वसंतातच राहिल्यास १९८६ पासून चार वर्षांसाठी साडेसतरा कोटी डॉलर देण्याची ए.बी.सी.ची तयारी होती. ती लीगने नाकारली. त्या हंगामात वॉकरने २,४११ यार्ड धाव घेऊन व्यावसायिक फुटबॉलचा उच्चांक केला, तो पाहावयास बरीचशी आसने रिकामीच होती.

शरदासाठी मोठ्या वाहिन्यांपैकी एकही पुढे आली नाही, तेव्हा ऑक्टोबर १९८४ मध्येच दाखल केलेला मक्तेदारीविरोधी खटला हीच लीगची एकमेव मालमत्ता उरली. भरपाईची मागणी ५६ कोटी ७० लाख डॉलरांची होती, आणि कायद्यानुसार मिळेल ती रक्कम तिप्पट व्हावयाची होती. न्यायमूर्ती पीटर लेझर यांच्यासमोर अडीच महिने सुनावणी चालली. सहा जणांच्या ज्यूरीने जुन्या लीगने मक्तेदारी हेतुपुरस्सर राखली हे मान्य केले. तिचे दूरचित्रवाणी करार बेकायदा आहेत, हा आरोप मात्र फेटाळला. भरपाई एक डॉलर. न्यायाधीशांना ती रक्कम वाढविता येईल अशी आपली कल्पना होती, असे ज्यूरीतील एका स्त्रीने निकालानंतर सांगितले. तेव्हा हा आकडा म्हणजे पुरता एकमताचा निष्कर्ष होता असेही मानता येत नाही. ४ ऑगस्ट १९८६ रोजी लीगने आगामी हंगाम स्थगित केला आणि ती पुन्हा कधी खेळली नाही. १९८८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल कायम केला. तिप्पट झालेले तीन डॉलर आणि व्याज मिळून १९९० मध्ये ३ डॉलर ७६ सेंटांचा धनादेश आला. वकिलांच्या खर्चापोटी मात्र जुन्या लीगला सुमारे ५५ लाख डॉलर भरावे लागले.

या निवाड्याची थट्टा पुष्कळ झाली आहे, परंतु कारणमीमांसेच्या दृष्टीने तो वाटतो तितका हास्यास्पद नाही. प्रतिपक्षाने अपराध केला, हे एक विधान. त्या अपराधामुळे आपला नाश झाला, हे दुसरे. पहिले सिद्ध झाल्याने दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. ज्यूरीने, कदाचित अजाणता, ही दोन विधाने वेगळी ठेवली. पण न्यायालयापुढे आलेला प्रश्नच मर्यादित होता: जुन्या लीगने किती हानी केली, एवढाच. मालकांनी एकमेकांची किती केली, हे विचारावयास तेथे वादीच नव्हता. तीन हंगामांत मिळून सुमारे १६ कोटी ३० लाख डॉलर बुडाले. त्यांतील पहिली रक्कम १९८३ च्या फेब्रुवारीत, वॉकरच्या करारावर सही झाली त्या दिवशी खर्ची पडली होती. स्वतः डिक्सन, हा खर्च पाहून, आपल्या वाट्याचा मक्ता विकून केव्हाच बाजूला झाला होता.