परतलेल्या लाटेचा अलार्म

मोबाइल टॉवरवरून कंट्रोल रूमला जाणाऱ्या अलार्मांपैकी व्हीएसडब्ल्यूआरचा अलार्म आला की साइट इंजिनीअरच्या कपाळाला हमखास आठी पडते. पॉवर ॲम्प्लिफायरने अँटेनाकडे धाडलेली शक्ती परत फिरतेय, एवढंच तो सांगतो. ती कुठून फिरली, हे सांगत नाही. त्याची सगळी कुळकथा या ‘कुठून’पाशी अडते.

मूळपुरुष व्हिएन्नाचा अर्न्स्ट लेखर. 1890च्या सुमारास त्याने दोन समांतर तारांत विद्युतलहरी सोडल्या आणि विरळ वायूची काचनळी तारांवर आडवी ठेवून सरकवत नेली. नळी एका जागी उजळे, थोडं पुढे विझे, पुन्हा उजळे. जाणारी लाट आणि टोकावरून परतणारी लाट मिसळून तारेवर उभी राहिली होती. लगतच्या दोन उजेडांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. लेखरला तेवढीच मोजायची होती. उजेड-अंधारातल्या फरकावरून परतीचं प्रमाण काढायचं काम पुढच्यांनी केलं.

त्यांतला एक बेल लॅब्जचा फिलिप स्मिथ. या लाटांच्या किचकट आकडेमोडीतून सुटायला त्याने गोल आलेख आखला. तो जानेवारी 1939च्या ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात छापून आला. जपानच्या तोसाकु मिझुहाशीने 1937मध्येच तसा आलेख मांडला होता. नाव मात्र स्मिथचं लागलं. पुढे क्लीव्हलँडच्या ‘बर्ड’ कंपनीचा वॉटमीटर आला. त्यातल्या गोल गट्टूवर बाण असतो; बाण अँटेनाकडे केला की जाणारी शक्ती दिसते, उलटा फिरवला की परतणारी. आता तेच काम बेस स्टेशनच्या पोटातला कपलर अष्टौप्रहर करतो.

त्याला अष्टौप्रहर जागं ठेवलं ट्रान्झिस्टरने. जुन्या ट्रान्समीटरच्या व्हॉल्व्हची प्लेट परतीच्या शक्तीने लालबुंद झाली तरी तो बराच वेळ तग धरी. ट्रान्झिस्टर क्षणात जातो. म्हणून मधे आयसोलेटर बसवतात, तो परतलेली लाट एका रोधकात जिरवतो. उभ्या लाटेतल्या सर्वाधिक आणि सर्वांत कमी व्होल्टेजचं गुणोत्तर, म्हणजेच व्हीएसडब्ल्यूआर, 1.5 असेल तर परत येते जेमतेम 4 टक्के शक्ती. 3 झालं की 25 टक्के. ठरलेली मर्यादा ओलांडली की अलार्म वाजतो आणि ॲम्प्लिफायर शक्ती उतरवतो किंवा बंदच पडतो.

निदानाची पहिली युक्ती बिनखर्चाची आहे: दोन सेक्टरचे जंपर (जोडकेबल) अदलाबदल करायचे. अलार्म केबलबरोबर दुसऱ्या सेक्टरला गेला तर दोष वर, जागेवरच राहिला तर ॲम्प्लिफायरच्या बाजूला. पण आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. लांब फीडर (अँटेनापर्यंतची केबल) जाता-येता शक्ती खातो. एकेरी वाटेत निम्मी खाणाऱ्या फीडरच्या टोकाला अँटेना नसलीच, तरी खाली 3च दिसतं. पावसाचं पाणी केबलभर मुरलं तर ती आणखी खाते, आणि आकडा उलट सुधारल्यासारखा वाटतो! हा लबाड आकडा मला सरळसरळ वाईट आकड्यापेक्षा धोक्याचा वाटतो.

‘कुठून’चं उत्तर आता हातात धरायचा ॲनालायझर मीटरमध्ये देतो. तो अनेक फ्रीक्वेन्सींवर परतणारी लाट मोजून तिच्यावरून अंतर काढतो. केबलमधला लाटेचा वेग मात्र, प्रकाशवेगाच्या प्रमाणात, आपणच भरायचा असतो. फोमच्या केबलला 0.88ऐवजी 0.66 भरलं, तर 40 मीटरवरचा बिघाड 30 मीटरवर दिसतो आणि रिगर टॉवरवर चढून धडधाकट जोड सोडत बसतो.