विश्लेषण : ‘सर्न’ प्रयोगशाळेत व्याख्याने, संगीत आणि कलेचे कार्यक्रम का होतात?

जिनिव्हाजवळची ‘सर्न’ ही प्रयोगशाळा समाजमाध्यमांवर दोन कारणांनी फिरत असते. एक तिथली नटराजाची मूर्ती आणि दुसरे, ‘तिथे काहीतरी गुप्त चालले आहे’ हा दावा. प्रत्यक्षात या प्रयोगशाळेच्या व्याख्यानांचे आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक आधीच जाहीर होते आणि त्यातले बरेच काही घरबसल्या पाहता येते.

सर्न म्हणजे नेमके काय?

युरोपातील 12 देशांनी 1954 मध्ये ही संस्था स्थापन केली. ती स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर आहे. नावात ‘अणुसंशोधन’ असले तरी तिथे अणुबॉम्ब किंवा अणुवीज यांवर काम होत नाही. स्थापनेच्या काळात अणुकेंद्रक हाच पदार्थविज्ञानातला मोठा प्रश्न होता, म्हणून ते नाव पडले. आता संशोधन त्याहून सूक्ष्म कणांवर चालते. त्यासाठी जमिनीखाली सुमारे 100 मीटरवर 27 किलोमीटर परिघाचा ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ आहे. लष्करी कामाशी संबंध ठेवायचा नाही आणि संशोधनाचे निष्कर्ष सर्वांना खुले ठेवायचे, हे संस्थेच्या स्थापना करारातच लिहिलेले आहे.

व्याख्याने कोणती आणि कोणासाठी?

साधारण तीन प्रकार असतात. ‘सेमिनार’ त्या विषयातल्या संशोधकांसाठी असतो. ‘कलोक्वियम’मध्ये एखादा विषय इतर शाखांतील शास्त्रज्ञांनाही कळेल असा मांडला जातो. तिसरा प्रकार जाहीर व्याख्यानांचा. त्यासाठी पदवी लागत नाही, बहुतेक वेळा आधी मोफत नोंदणी पुरते. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी होणारी व्याख्यानमालाही ऑनलाइन पाहता येते. कार्यक्रमांची यादी ‘इंडिको’ या प्रणालीवर असते. ती सर्नमध्येच तयार झाली आणि आज जगभरातल्या संस्था ती वापरतात. एखाद्या कार्यक्रमाचा संदेश फिरत आला, तर तारीख, वेळ आणि वक्ता तिथे ताडून पाहता येतो. वेळ मात्र जिनिव्हाची असते. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो.

एखादे व्याख्यान एवढे महत्त्वाचे असू शकते?

4 जुलै 2012 चा सेमिनार आठवा. जागा मिळावी म्हणून अनेकांनी रात्रभर सभागृहाबाहेर मुक्काम केला होता. हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचे दोन प्रयोगगटांनी तिथे सांगितले. अशा कणाचे भाकीत 1964 मध्येच करणारे पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा एंग्लर्ट समोर बसले होते. जगाने तो क्षण थेट प्रक्षेपणातून पाहिला. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळाले.

मग संगीत आणि कला कशासाठी?

सर्नमध्ये जगभरातून हजारो माणसे काम करायला येतात. त्यांचे स्वतःचे संगीत मंडळ आहे आणि ते ‘हार्ड्रॉनिक’ नावाचा महोत्सव भरवते. इथल्याच महिलांच्या एका हौशी गायनवृंदाचे छायाचित्र 1992 मध्ये वेबवर टाकले गेले. ते वेबवरच्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांपैकी एक मानले जाते. ‘आर्ट्स ॲट सर्न’ या उपक्रमातून कलाकार इथे राहून शास्त्रज्ञांबरोबर काम करतात. ऑक्टोबर 2023 मध्ये वास्तुरचनाकार रेंझो पियानो यांनी आराखडा केलेले ‘सायन्स गेटवे’ सुरू झाले. तिथले प्रदर्शन पाहायला तिकीट नाही.

नटराज तिथे कसा आला?

ही मूर्ती भारत सरकारने भेट दिली. दोन मीटर उंचीच्या या मूर्तीचे अनावरण 18 जून 2004 रोजी झाले. शिवाचे तांडव आणि कणांचे सतत चाललेले निर्माण-विसर्जन यांतील साम्य हे त्यामागचे रूपक. 2016 मध्ये मूर्तीसमोर ‘नरबळी’ दिल्याचा एक व्हिडिओ पसरला. तो कोणीतरी परवानगी न घेता रचलेला बनाव होता, असे सर्नने स्पष्ट केले. तरी तो अधूनमधून पुन्हा ‘फॉरवर्ड’ होतोच.

खुलेपणाने काय साधते?

सप्टेंबर 2008 मध्ये कोलायडर सुरू होताना ‘कृष्णविवर पृथ्वी गिळणार’ अशी भीती पसरली होती. आपल्याकडच्या वाहिन्यांनीही ती वाढवली. याहून जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण पृथ्वीवर अब्जावधी वर्षे आदळत आहेत आणि पृथ्वी शाबूत आहे, हे शास्त्रज्ञांचे साधे उत्तर होते. पण उत्तर बरोबर असून भागत नाही, ते लोकांपर्यंत पोहोचावे लागते. शिवाय खर्च लोकांच्या करातून होतो, म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्कही लोकांचाच. 2019 मध्ये दोन दिवस दारे उघडली, तेव्हा सुमारे 75 हजार माणसे प्रयोगशाळा पाहायला आली.

आपला संबंध काय?

भारत जानेवारी 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. हिग्ज बोसॉन शोधणाऱ्या दोनपैकी ‘सीएमएस’ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ सहभागी आहेत. याच संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा गप्पांचा कार्यक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये अनेक वर्षे होत आला आहे. तिथे चहाचा कप हातात घेऊन कोणीही शास्त्रज्ञाला प्रश्न विचारू शकतो. जिनिव्हा लांब असले, तरी जुहू जवळ आहे. पुढच्या वेळी एखादा सनसनाटी व्हिडिओ आला, तर तो पुढे ढकलण्याआधी त्यातला प्रश्न तिथे नेता येईल.