दुष्काळ : जाहीर करणारे आणि मागणारे

‘बनगरवाडी’च्या अखेरीस माणदेशातले ते गाव दुष्काळाने उठते. अशा वेळी माणसांनी कोणाकडे काय मागावे, हा प्रश्न सातारा-सांगलीकडे जुनाच आहे. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामेच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप आम्हांस त्या दशकातली फार मोठी घटना वाटते. पाठ्यपुस्तकांना ती तशी वाटलेली दिसत नाही.

पुढे दुष्काळसंहिता आली. पण दुष्काळ केव्हा ‘पडला’ हे ठरवणार सरकारच.

१९७२ च्या दुष्काळातून मिलो, सुकडी, खडी हे शब्द लोकांच्या बोलण्यात राहिले. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात अजमावलेली रोजगार हमीची कल्पना त्याच सुमारास राज्यभर गेली. १९७७ च्या अधिनियमाने, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, प्रश्नच उलटा केला : काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता क्वचितच कोणाला मिळाला. मागणीची नोंदच टाळली, की तो द्यावा लागत नसे.