धर्मग्रंथांच्या जपणुकीतून घडलेल्या मानव्यविद्या

भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि कला यांच्या अभ्यासाला आपण 'मानव्यविद्या' म्हणतो. या विद्या धर्मापासून अलग झाल्या तेव्हाच त्यांना शास्त्राचे रूप आले, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. व्याकरण, भाषांतर, चरित्रलेखन, पाठचिकित्सा ही आजच्या अभ्यासकाची साधने बऱ्याच अंशी धर्मांच्या एका गरजेतून घडली. आपला ग्रंथ जपणे, समजून घेणे आणि दूरवर पोहोचविणे ही ती गरज होय.

शब्द जपताना

वेद मुखोद्गत ठेवण्याची परंपरा भारतात होती. एक स्वर चुकला तरी मंत्र बिघडतो, या श्रद्धेतून पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पठणपद्धती निर्माण झाल्या. सहा वेदांगांपैकी शिक्षा, व्याकरण, निरुक्त आणि छंद ही चार थेट भाषेशी निगडित आहेत. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधणारी पाणिनीची 'अष्टाध्यायी' याच वातावरणात जन्मली. व्याकरण का शिकावे, याची प्रयोजने सांगताना पतंजलीने 'महाभाष्या'त वेदांच्या रक्षणाला पहिले स्थान दिले आहे.

हीच प्रक्रिया अन्यत्रही दिसते. इस्लामचा प्रसार अरबी न बोलणाऱ्या समाजांत झाला, तेव्हा कुराणाचे पठण अचूक राहावे म्हणून लिपीत स्वरचिन्हे आली आणि व्याकरणाचा अभ्यास बहरला. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात बसरा येथे सिबवैह याने रचलेले अरबी व्याकरण केवळ 'अल-किताब', म्हणजे 'ग्रंथ', या नावाने ओळखले जाते. सिबवैह स्वतः इराणी वंशाचा होता. पैगंबरांच्या वचनांची, म्हणजे हदीसची, सत्यता पारखण्यासाठी ते वचन कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तपासली जाई. त्यातूनच निवेदकांचे चरित्रकोश तयार झाले.

ग्रंथ सीमा ओलांडतो तेव्हा

बौद्ध धर्माने भाषांतराला संघटित विद्येचे रूप दिले. इ. स. ४०१ मध्ये कुमारजीव चीनमधील चांगआन येथे पोहोचला आणि राजाश्रयाने तेथे मोठ्या प्रमाणावर भाषांतरे झाली. पुढे सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात आला. इ. स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला व उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालविले. त्याचे प्रवासवर्णन मूळचे एका यात्रेकरूचे. परंतु महाराष्ट्र आणि दुसरा पुलकेशी यांच्याविषयी लिहिताना इतिहासकारांना आजही त्याचा आधार घ्यावा लागतो.

निश्चित तारीख असलेले, आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असे सर्वांत जुने मुद्रित पुस्तकही बौद्धच आहे. दुनहुआंगच्या गुहांत सापडलेली ही 'वज्रच्छेदिका' सूत्राची गुंडाळी इ. स. ८६८ मधील असून, तिचा मजकूर कुमारजीवाच्या भाषांतराचा आहे. वांग जिए नावाच्या गृहस्थाने आईवडिलांच्या नावे, विनामूल्य वाटण्यासाठी ती छापविल्याची नोंद तिच्या शेवटी आहे. पुण्य जोडावे म्हणून छापलेली ती प्रत आज मुद्रणाच्या इतिहासाचा आधार ठरली आहे.

शुद्ध पाठाचा ध्यास

ग्रंथ पवित्र असेल तर त्याचा मूळ पाठ कोणता, हा प्रश्न अटळ ठरतो. तो विचारला की श्रद्धा आणि चिकित्सा एकाच वाटेने चालू लागतात. इटलीतील लोरेन्झो व्हाल्ला याने १४४० मध्ये, पोपच्या राजसत्तेला आधार म्हणून दाखविले जाणारे सम्राट कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट असल्याचे भाषेच्या पुराव्यावरून सिद्ध केले. त्यात 'क्षत्रप' हे पद आले होते, जे चौथ्या शतकातील रोमच्या कारभारात नव्हतेच. हाच व्हाल्ला पुढे पोपच्या सेवेत रुजू झाला. १५१६ मध्ये इरॅस्मसने 'नव्या करारा'ची ग्रीक आवृत्ती छापली, तीही हस्तलिखिते ताडून.

आपल्याकडे पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये 'ज्ञानेश्वरी'च्या उपलब्ध प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. त्यात कोणीही स्वतःची ओवी मिसळू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखिते ताडून पाठभेद पृष्ठाच्या तळाशी देणारी तिची पद्धत युरोपात बायबल व ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घडली होती.

दुसरी बाजू

या इतिहासाचे गोडवेच गाणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. वेदपाठाची दारे शूद्रांना आणि स्त्रियांना बंद होती. चक्रधरांनी मराठीचा आग्रह धरला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. म्हाइंभटांनी त्यांच्या शिष्यांकडून आठवणी गोळा करून तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' सिद्ध केले आणि मराठी गद्याला त्याचा पहिला मोठा ग्रंथ मिळाला.

गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यानंतर अवघ्या ४४ वर्षांनी, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. एकाच धर्मसत्तेच्या छायेत एका भाषेचे व्याकरणही छापले गेले आणि तिच्यावर बंदीही आली.

म्हणूनच जगातील धर्मांचा अभ्यास हा केवळ भाविकांचा विषय नव्हे आणि केवळ टीकाकारांचाही नव्हे. पवित्र ग्रंथांची चिकित्सा म्हणजे त्यांचा अवमान, असे आज अनेकांना वाटते. अशा वेळी एकनाथांचे उदाहरण आठवावे. 'ज्ञानेश्वरी'वर त्यांची निस्सीम श्रद्धा होती, आणि म्हणूनच हाती आलेली प्रत तपासल्यावाचून स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते.