गोळी, चिंधी आणि नळीतली फट

'बारा बोअरची बंदूक' असे आपण सहज म्हणतो. हे बारा इंच नव्हेत आणि मिलिमीटरही नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी मावेल ती नळी बारा बोअरची. शिशाची घनता ११.३४ धरून मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे. एक गोळी ३७.८ ग्रॅमची भरते आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिमी येतो.

ठासणीच्या बंदुकीत मात्र इतकी नेमकी गोळी चालत नसे. ही गोळी नळीच्या तोंडातून गजाने आत ठासायची असते. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातला बराचसा धुराबरोबर जातो, बाकीचा नळीला आतून चिकटतो. काही बारांनंतर नळी अरुंद होते. गोळी मध्येच अडकून दारू व तिच्यात पोकळी राहिली, तर नळी फुटण्याचे भय. म्हणून गोळी लहानच घेत. इंग्रजांच्या 'ब्राऊन बेस' बंदुकीची नळी १९ मिमी, तर गोळी साडेसतरा. म्हणजे छेदाचे सुमारे १५ टक्के क्षेत्रफळ मोकळे! तेवढ्यातून वायू निसटतो, शिवाय गोळी भिंतींवर आपटत, कशीही गिरकी घेत बाहेर पडते. ही गिरकीच गोळीला बाजूला नेते, असे बेंजामिन रॉबिन्सने १७४२च्या ग्रंथाच्या सुमारास दाखवले. नळीचे टोक डावीकडे वाकवल्यावर गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे उजवीकडे वळली. (हाच रॉबिन्स कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ साली इथेच वारला.)

शिकाऱ्याचा उपाय सोपा होता : गोळीभोवती तेलातुपाने माखलेली चिंधी. गोळीचा व्यास अधिक चिंधीच्या जाडीची दुप्पट म्हणजे साधारण नळीचा व्यास. ही 'दुप्पट' मुले हमखास विसरतात. बारा बोअरला अर्धा मिमी जाडीची चिंधी घेतली, तर गोळी साडेसतरा मिमीची हवी.

सैनिकाला एवढी सवड कुठली? जुन्या तोडेदार बंदुकांची नळी लोहाराच्या हातची. जिची तिची गोळी निराळी, साचाही निराळा. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने १७८४पासून कवायती कंपू उभे केले, तेव्हा ही पद्धत पुरी पडणारी नव्हती. रांगेतल्या कुणाचेही काडतूस कुणाच्याही बंदुकीत जायला हवे. काडतुसाचा कागदच मग चिंधीचे काम करी, आणि फट मुद्दाम ठेवलेली असे.

१८५७च्या एनफिल्डची नळी आटेदार होती. गोळी लहान असे आणि बार होताना फुगून आट्यांत बसे. तरी काडतुसाचा कागद होताच, आणि साचलेल्या राखेतून तो सरकावा म्हणून त्याला वंगण. त्या वंगणातल्या चरबीच्या संशयाने पुढे काय झाले, ते आपण इतिहासाच्या तासाला शिकवतोच. वंगण मुळात का लागे, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला घेता येईल.